संजयला सगळं दिसतं

सोमवार, १४ नोव्हेंबर १९८८
दिवाळीनंतर कामाचा पहिला दिवस. शरदचंद्र वर्क्स मॅनेजर झाला. माझ्या मागून कंपनीत आलेला माणूस. फ्यूज बांधायला माझ्याकडे शिकला. आज पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, चिंतामणराव, आशीर्वाद असू द्या. आशीर्वाद दिला. पेढा घेतला नाही. (नंतर प्यूनकडून दोन घेतले. ती वेगळी गोष्ट.)
निश्चय: यापुढे चिडायचं नाही. कामाने उत्तर द्यायचं.
काम आजच मिळालं. थंडी पडली की आमच्या डाइंग खात्यात कापड रंगवायच्या टाक्यांवर एवढी वाफ साचते की स्वतःचा हात दिसत नाही. कोंडाजी ओल्या कापडाची ट्रॉली ढकलत थेट खांबावर गेला. कोंडाजी पालेगावचा. ट्रॉली ढकलणं हेच त्याचं काम, म्हणजे खांब तोंडपाठ हवेत. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, आणि वर म्हणतो, सायेब, खांब दिसलाच नाय.
दिसला नाही म्हणे! डोळे कशाला दिलेत?
आयडिया: मधला माणूसच काढून टाकायचा. स्वतः चालणारी, वाफेतही बघणारी ट्रॉली. जपानमध्ये आहेत. अंबरनाथमध्ये का नसाव्यात?

बुधवार, १६ नोव्हेंबर
शरदचंद्रने परवानगी दिली. लगेच दिली, याचाच राग आला. भांडायची पूर्ण तयारी करून गेलो होतो. जानेवारीत मुंबईचे डायरेक्टर येणार, त्यांना दाखवू म्हणाला. जमलं तर डेव्हलपमेंट इंजिनिअर अशी नवी पोस्ट. स्वतंत्र केबिन.
मशीनचं नाव ठेवलं संजय. राजवाड्यात बसून ज्याला अख्खं कुरुक्षेत्र दिसत होतं तो. मीटिंगमध्ये नाव सांगितलं तर शरदचंद्र म्हणाला, बरं झालं, धृतराष्ट्र नाही ठेवलंत. सगळे हसले. अकाउंट्सवालेसुद्धा. अकाउंट्सवाल्यांना हसायचा काय अधिकार?

शनिवार, २६ नोव्हेंबर
जमिनीत तार गाडली, तिच्यात करंट सोडला. तारेच्या वासावर संजय बरोबर चालतो. वळणसुद्धा घेतो. पाय झाले, आता डोळे.
पहिला डोळा: मोटरसायकलचा हेडलाइट आणि शेजारी फोटोसेल. समोर काही आलं की उजेड परत येणार, फोटोसेलला कळणार, ब्रेक लागणार. वर्कशॉपमध्ये फर्स्ट क्लास. डाइंग खात्यात नेला, तर वाफेच्या तोंडाशीच थांबला. ढिम्म. उजेड वाफेवरूनच परत येतो आणि याला वाटतं भिंत आहे.
घरी बदलापूरला येऊन कुमुदिनीला सांगितलं. ती विठ्ठलवाडी एसटी डेपोत क्लार्क आहे, त्यामुळे वाहतूक या विषयात तिला सगळं कळतं. म्हणाली, अहो, आमचे ड्रायव्हर घाटातल्या धुक्यात मोठा लाइट लावतच नाहीत, तो आपल्याच डोळ्यात येतो. जेवढं पुढचं दिसतं तेवढीच गाडी पळवायची, नाही दिसलं तर बाजूला घेऊन उभी करायची. मी म्हटलं, एसटी आणि ऑटोमेशन यात फरक आहे. ती म्हणाली, धुकं तर तेच ना?
भाजी खारट होती.

शुक्रवार, २ डिसेंबर
सुट्टी. (कारखाना शुक्रवारी बंद.) उल्हासनगर. कॅम्पातल्या टेकचंदच्या दुकानात गेलो. फॉरेनचे जुने टीव्ही फोडून त्यांचे पार्ट विकतो. त्याच्याकडे जुन्या पद्धतीचे रिमोट निघाले. उजेडावर नाही, आवाजावर चालणारे. तो आवाज माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. टेकचंद म्हणाला, साईं, ये सिर्फ कुत्ता सुनेगा. मी म्हटलं, और चमगादड़. तो म्हणाला, चमगादड़ को टीवी का क्या काम?
या माणसाशी विज्ञान बोलण्यात अर्थ नाही.
पण पॉइंट पक्का. वटवाघूळ अंधारात काय करतं? आवाज सोडतं, परत आलेला ऐकतं. उजेडाला वाफ अडवते, आवाजाला काय अडवणार? हे इतक्या दिवसांत कोणाला सुचलं नाही. मलाच सुचलं. टेकचंदला गॅरंटी विचारली. म्हणाला, दुकान की सीढ़ी तक.

गुरुवार, ८ डिसेंबर
संजयला ऐकू येतं! समोर रिकामा ड्रम ठेवला. हातभर अंतरावर थांबला. पुन्हा ठेवला, पुन्हा थांबला. दिवसभर ड्रम ठेवले. एकदाही चूक नाही.
शरदचंद्र बघायला आला. म्हणाला, छान आहे, पण ड्रमला कोण वाचवतंय? ओलं पोतं टांगून बघा, गादी ठेवून बघा. पत्र्यावरून आवाज टणकन परत येतो, कापड आवाज गिळून टाकतं. तिथे बायामाणसं पोती पांघरून फिरतात.
मत्सर. शुद्ध मत्सर. माणूस काय ड्रमपेक्षा कमी आहे? ज्याला ड्रम दिसतो त्याला माणूस दिसणारच. गादी आणणार नाही. गादी आणली म्हणजे त्याचं ऐकलं असं होईल.

बुधवार, १४ डिसेंबर
डाइंग खात्यात ट्रायल. संजय हललाच नाही. जागेवर थरथरत उभा, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. चारी बाजूंनी काहीतरी आहे असं त्याला वाटत होतं. कारण सापडलं. वाफेचे व्हॉल्व्ह गळतात, त्या फुसफुशीत नेमका तोच बारीक आवाज असतो जो संजय ऐकतो. कान भरून गेले बिचाऱ्याचे.
शरदचंद्र म्हणाला, मग व्हॉल्व्ह दुरुस्त करा ना, मेंटेनन्स तुमच्याकडेच आहे. गळती थांबली की फुसफूसही जाईल आणि निम्मी वाफही.
मी विचारलं, वाफ गेली तर वाफेत बघणारं मशीन टेस्ट कशात करायचं?
तो कपाळाला हात लावून निघून गेला. जिंकलो.

शनिवार, १७ डिसेंबर
तोडगा काढला. संजयचे कान मंद केले. एक बटण, अर्धा पीळ. आता फुसफूस ऐकू येत नाही. सुसाट धावतो. तत्त्व सोपं आहे: काही ऐकू आलं नाही म्हणजे समोर काही नाही.
कुमुदिनीला हे तत्त्व सांगितलं. ती म्हणाली, मघाशी मी तुम्हाला तीनदा हाक मारली, तुम्हाला ऐकू आली नाही. म्हणजे मी घरात नव्हते?
बाईमाणसाला तत्त्व आणि तक्रार यातला फरक कळत नाही. आणि हाक कशाला मारली होती तेही सांगितलं नाही.

मंगळवार, ३ जानेवारी १९८९
नवीन वर्षाचे संकल्प: १. चिडायचं नाही. २. संजय. ३. केबिनमध्ये पंखा कुठे लावायचा ते ठरवणे.
रोज ट्रायल चालू. शेडमध्ये माणसंच माणसं, वाफ मरणाची, आणि आजवर एकालाही धक्का नाही. शरदचंद्रला सांगितलं, बघा तुमची गादी. तो म्हणाला, हं.
आज कोंडाजीची बायको वेणूबाई मधून गेली. याच खात्यात गटारं झाडते, डोक्यावर पोत्याची खोळ. संजय येताना दिसला मला, ती नाही दिसली. वाफ जरा हलली तेव्हा दिसलं, बाई खांबाला पाठ लावून चिकटून उभी. संजय तिच्या पायाशेजारून गेला. नोंद केली: योग्य अंतर राखले.
कोंडाजीला वाटेल मशीनने त्याचं काम खाल्लं, म्हणून त्याला टाकी धुवायला लावलंय. अजून काही बोलला नाही. म्हणजे आतून जळत असणार.

सोमवार, ९ जानेवारी
संताप! लोक संजयला रडकी म्हणतात. मागचं डावं चाक कुईं कुईं करतं म्हणून. रडकी आली, सरका. रडकी गेली, चला. आज कॅन्टीनमध्येही ऐकलं. एवढ्या विचाराने ठेवलेलं नाव, आणि ही माणसं एका चाकावरून बारसं करतात. आणि तेही पोरीचं!
सगळ्यांना तंबी दिली. मशीनचं नाव संजय. कोणी रडकी म्हणेल त्याचं नाव लिहून घेईन. कोणीतरी वाफेतून म्हणालं, आमचं नाव संजयच लिवा सायेब. कोण ते दिसलं नाही.

गुरुवार, १२ जानेवारी
डायरेक्टर मंगळवारी येणार. त्यांच्यासमोर कुईं कुईं चालणार नाही. जॅक लावून चाक स्वतः खोललं, बेअरिंगमध्ये बोटबोट ग्रीस भरलं. आता संजय मांजरासारखा चालतो. पाठीमागून आला तर मलाही कळला नाही, दचकलो. आता थेट डेमोलाच शेडमध्ये न्यायचा. क्लास!
फिटर हरिचंद्र म्हणाला, साहेब, राहू द्या ना आवाज, सवय झालीय. यांना सगळ्या घाणीची सवय होते. तोच या देशाचा प्रॉब्लेम आहे.

मंगळवार, १७ जानेवारी
डेमो झाला.
वेणूबाईच्या पायावरून गेला.
डायरेक्टर होते. भरलेली ट्रॉली होती. संजय थांबला नाही. मी ओरडलो, तो माझा आवाज त्याला ऐकू येण्यासारखा नाही. ती गटारावर वाकलेली होती, पाठ आमच्याकडे.
कोंडाजी टाकीतून उडी मारून आला आणि एकट्याने ट्रॉली उचलली. भरलेली. ती कशी उचलली कळत नाही.
आज एवढंच.

बुधवार, १८ जानेवारी
पावलाची हाडं मोडलीत. ऑपरेशन होणार.
शरदचंद्रने रिपोर्ट मागितला. लिहिला: सदर व्यक्ती मशीनच्या मार्गात आली. ही वस्तुस्थिती आहे. मार्ग आधीपासून तिथे होता. तार गाडलेली आहे. पिवळा पट्टा मारलेला आहे. वाफेत पट्टा दिसत नाही हा पट्ट्याचा दोष नाही.
शरदचंद्रने विचारलं, इतके दिवस काही झालं नाही, मग गेल्या आठवड्यात काय बदललंत? मी म्हटलं, काही नाही. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं आणि आवाज चढवला.
ग्रीस हा बदल नव्हे. देखभाल आहे.

शनिवार, २१ जानेवारी
शेडमध्ये माझ्याशी कोणी बोलत नाही. नमस्कार करतात. तो जास्त त्रास देतो.
कान थोडे तेज केले असते तर? केले असते तर हललाच नसता. म्हणजे दोष व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्ह माझ्याकडे आहेत, पण ते बनवले कोणी? बनवणाऱ्याला कोणी विचारत नाही.
कुमुदिनी म्हणाली, बघायला कधी जायचं? मी म्हटलं, चौकशी चालू असताना जाणं बरोबर दिसणार नाही. ती म्हणाली, कोणाला?
मूर्ख प्रश्न. पेपर उघडून बसलो.

शुक्रवार, २७ जानेवारी
सुट्टी. कुमुदिनीने मोसंबी आणली आणि चप्पल घालून दारात उभी राहिली. गेलो.
पालेगाव. कोंडाजीच्या घराच्या शेजारीच नवी बिल्डिंग उठतेय, त्याच्या अंगणात वाळूचा ढीग कोणी टाकलाय कोण जाणे. मी रस्त्यात सगळी उत्तरं तयार केली होती. तो हे म्हणाला तर हे, ती रडली तर ते. आवाज चढवला तर मीही चढवणार होतो.
कोंडाजीने खुर्ची पुसून दिली. चहा दिला, दुधाचा. वेणूबाई खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये उशीवर. कुमुदिनी तिच्याजवळ बसली आणि मोसंबी सोलायला लागली. मला कोणी एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी इतका राग घेऊन गेलो होतो, तो ठेवायला त्या घरात जागाच नव्हती.
शेवटी मीच म्हटलं, बाई, इतके दिवस बरोबर बाजूला होत होतात, त्या दिवशी काय झालं? ती म्हणाली, सायेब, ती रोज रडत येते ना, आवाज आयला का आमी सरकतो. वाफंत कोन कोनाला दिसतंय? त्या दिवशी रडलीच नाय. मना वाटलं, बंद हाय.
कोंडाजी म्हणाला, सगली तशीच सरकतात सायेब.
निघताना त्याने वेणूबाईच्या नावाची कंपनीची नोटीस दाखवली. वाचता येत नाही म्हणून माझ्याकडे दिली. मी वाचून दाखवली. निष्काळजीपणाने मशीनच्या मार्गात आल्याबद्दल कामावरून का काढू नये. शब्द माझेच होते. मार्गात आल्याबद्दल. कोंडाजीने विचारलं, सायेब, याचा काय करायचा? मी म्हटलं, बघतो.
परत येताना कुमुदिनी काही विचारेल असं वाटलं. विचारलं नाही. राग आला. कोणाचा ते ठरवता आलं नाही.
म्हणजे इतके दिवस संजय त्यांना

शनिवार, २८ जानेवारी
काल लाइट गेले म्हणून वाक्य अपुरं राहिलं.

सोमवार, ३० जानेवारी
शोध लागला आहे! दोन दिवस कामावरही हाच विचार केला. सगळं जग एकाच प्रश्नामागे आहे: मशीनला माणूस कसा दिसेल? प्रश्नच उलटा आहे. न दिसणाऱ्या ठिकाणी माणसालाच मशीन कळलं पाहिजे! हे जपानलाही सुचलेलं नाही. पाच पानी टिपण लिहिलं. 'कमी दृश्यतेच्या परिस्थितीत स्वयंचलित वाहनाची श्रवणीय सुरक्षा'.
आता शास्त्रीय टिपण म्हटलं की पुरावा लागतो. म्हणून चौथ्या पानावर लिहावं लागलं: डाव्या मागील चाकाच्या आवाजामुळे कामगार बाजूला होत असत. दि. १२ रोजी अधोस्वाक्षरीकर्त्याने (म्हणजे मी) ग्रीस भरून तो आवाज बंद केला. कामगाराचा निष्काळजीपणा नव्हता. केवळ शास्त्रासाठी लिहिलं. बाकी हेतू नाही.
तीन वेळा खोडलं. तीन वेळा पुन्हा लिहिलं. पेन खराब आहे.

मंगळवार, ३१ जानेवारी
शरदचंद्रने माझ्यासमोरच टिपण वाचलं. पहिली तीन पानं भराभर उलटली, अपमान. चौथ्या पानावर थांबला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाला, चिंतामणराव, हे वर जाईल. कळतंय ना? मी म्हटलं, जावं म्हणूनच लिहिलंय. शोध आहे तो.
तो म्हणाला, हो, शोध आहे. आणि हसला नाही. हसला असता तर भांडता आलं असतं.

सोमवार, ६ फेब्रुवारी
ऑर्डर आली.
वेणूबाईची नोटीस मागे. पगारी रजा, दवाखान्याचा खर्च कंपनीचा. ठीक.
मला मेमो. डेव्हलपमेंट इंजिनिअर ही पोस्ट तूर्त निर्माण करायची नाही. तूर्त!
व्हॉल्व्ह तातडीने दुरुस्त करा. हरिचंद्र आणि मी बसलो, सगळ्यांचं पॅकिंग बदललं. एका शिफ्टमध्ये झालं. इतकं सोपं काम मला कोणी आधी नीट समजावून सांगितलं नाही.
आणि शेवटी: टिपणातील सूचना तत्त्वतः मान्य. बजेट नसल्याने यंत्राऐवजी हातघंटा मंजूर. ट्रॉली चालू असताना एका जबाबदार व्यक्तीने तिच्यापुढे घंटा वाजवत चालावे. माणूस उपलब्ध होईपर्यंत ही जबाबदारी प्रकल्पप्रमुखांनी पार पाडावी.
प्रकल्पप्रमुख म्हणजे कोण ते दोनदा वाचलं.

गुरुवार, ९ फेब्रुवारी
घंटा पितळेची आहे. शाळेत असते तशी. आवाज बरा आहे, पण मूठ गुळगुळीत, हातातून निसटते. पर्चेसवाल्यांना अक्कल नाही. मुठीच्या डिझाइनमध्ये सुधारणा सुचवणार आहे.
कोंडाजीला परत ट्रॉलीवर घेतलंय. संजयची एक फेरी होते तेवढ्यात त्याच्या पाच. त्याने विचारलं, सायेब, मी चालू का पुढं? मी म्हटलं, टेक्निकल काम आहे.

मंगळवार, २८ फेब्रुवारी
माणूस अजून उपलब्ध नाही. आठवण करून द्यायला शरदचंद्रच्या केबिनमध्ये गेलो. पंखा दाराच्या समोर लावलाय, चुकीच्या जागी. म्हणाला, बघतो. हा शब्द मी ओळखतो.
घरी कुमुदिनीला म्हटलं, तुम्हा लोकांना वाटत असेल मी नुसता घंटा वाजवतो. ती म्हणाली, मला काही वाटत नाही, रोज वेळेवर घरी येता आणि जेवताना बोलता, तेवढं बरं वाटतं.
भाजी बरी होती. हे तिला सांगितलं नाही.

सोमवार, २० मार्च
वेणूबाई आज कामावर आली. डावा पाय ओढत चालते. झाडूचं काम दिलं नाही, कापडाच्या घड्या घालायला बसवलंय. मी सांगून बसवलं. कोणी सांगितलं ते तिला सांगू नका असंही सांगितलं. तिला कळलं असणार, कारण या कारखान्यात एक गोष्ट पोटात राहत नाही. नालायक लोक.
व्हॉल्व्ह गळत नाहीत, थंडीही सरली, शेडमध्ये आता वाफ नावाला नाही. या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाची खिडकी दिसते, खिडकीतलं कबुतर दिसतं. मी घंटा वाजवत निघालो, मागून संजय. ती मधल्या रस्त्यावर उभी होती. लांबून मला बघितलं, पाय ओढत बाजूला झाली आणि थांबली.
म्हणाली, सायेब, आता कशाला घंटा? दिसताय ना तुमी.
सगळी शेड बघत होती.
तरी वाजवली.